दादाचा ठिपका

समुद्रात सांडलेलं तेल कुठे जाईल, किती उडून जाईल, किती घट्ट होऊन किनाऱ्याला चिकटेल, हे सांगणं माझं काम. दादा मला 'तेलाची ज्योतिषीण' म्हणायचा आणि मी चिडायचे. आता कुणी चिडवत नाही.

त्या सकाळी टँकर फुटला, तेव्हा त्याला ओढणाऱ्या बोटीवरून दादा पाण्यात पडला. अंगात लाइफ जॅकेट होतं, म्हणजे जिवंत सापडायची आशा होती. शोधपथकाच्या प्रमुखाचा फोन आला, "बाई, माणूस कुठे वाहत जाईल? पटकन सांगा!" स्क्रीनवर तेल कसं वाहेल ते दाखवणारे हजारो ठिपके तयारच होते. त्यांतच दादाचा एक टाकला. तो सगळ्यांबरोबर उत्तरेकडे निघाला. मी तसं सांगितलं आणि झाडून सगळ्या बोटी तिकडे धावल्या.

पाच दिवस शोधलं. हाती काही लागलं नाही.

वहिनी अजून रोज विचारते, "हे कुठे असतील गं आत्ता?"

"लांब गेला असेल," मी म्हणते. जळो मेलं माझं तोंड!

कारण गेल्या महिन्यात मला माझी चूक सापडली. तेल पाण्यावर पातळ पसरतं, त्याला वारा ढकलत नेतो. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात. त्याचं वारा काय करणार? त्याला प्रवाह नेतो. नवीन येणाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. आणि सख्ख्या भावाला तेल समजून बसले! वाऱ्याचा आकडा बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तो बदलून, त्याच दिवसाचा वारा आणि भरती-ओहोटी घालून ठिपका पुन्हा सोडला. तेल उत्तरेला गेलं. दादा मागे राहिला, भरतीबरोबर वळला आणि दुपारी दीडला बंदराच्या तोंडातून आत, आमच्या ऑफिसखालच्या धक्क्याजवळ आला. धक्क्यावर एकही बोट नव्हती. असणार कुठून? ओहोटी लागली तसा तो परत बाहेर गेला. तेव्हापासून रोज सोडते. रोज तो दीडलाच येतो.

त्या दिवशी दीड वाजता मी इथेच होते, याच खुर्चीत. खाली कुणीतरी ओरडत होतं. सारखं, एकच काहीतरी. मला वाटलं, धक्क्यावरचे कामगार असतील. "काय कटकट आहे!" म्हणत मी उठले आणि खिडकी लावून घेतली. दादाच्या ठिपक्याचे आकडे चुकायला नको होते.