उलटवलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. मुलीचा कोट असून माझी बटणं मात्र मुलांच्या कोटासारखी उजव्या बाजूला आहेत. असं का झालं, ते ऐका.

अँटवर्प शहरात लायब नावाचे शिंपी होते. आई नसलेल्या आपल्या ब्लूमासाठी त्यांनी मला शिवलं. शेजारणी माझं फार कौतुक करत. पुढे जर्मन सैन्य आलं आणि हुकूम निघाला, की ज्यूंनी छातीवर पिवळी चांदणी लावायची. लायबनी ती माझ्यावर शिवली. इतका सराईत हात, पण टाके वाकडे पडले. उन्हाळ्यात ब्लूमाच्या दादाला, झेलिकला, 'कामावर' बोलावणं आलं. तो गेला. त्याचं पत्र आलं नाही. गल्लीतली घरं एकेक करून रिकामी होऊ लागली.

लायबनी चांदणी उसवली. पण मी उन्हाने विटलो होतो आणि चांदणीखालचं कापड गडद राहिलं होतं. काढूनही ती दिसतच होती! मग त्यांनी मला पुरतं उसवलं आणि आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवलं. त्यामुळे माझी डावीकडची बटणं उजवीकडे गेली.

"नाव काय तुझं?" लायब ब्लूमाकडून नवं, खोटं नाव पाठ करून घेत होते.

"ब्लू... जोसेत. जोसेत लांबेर."

"अडखळलीस. पुन्हा सांग."

"बाबा, तुम्हीपण मला जोसेतच म्हणणार?"

ते माझी कॉलर सारखी करत राहिले.

ज्यू मुलांना लपवायला मदत करणाऱ्या ऑर्तांस नावाच्या बाई तिला डोंगराकडच्या एका शेतावर न्यायला आल्या. आगगाडीत तपासणी सुरू झाली. एक अधिकारी आमच्यापुढे थांबला.

"ही कोण?"

"माझी भाची, साहेब."

"मुलीच्या कोटाला मुलाची बटणं?" त्याने माझी कड चिमटीत धरली. चांदणीच्या टाक्यांची भोकं आतल्या बाजूला, तिथून बोटभर अंतरावर होती.

"दादाचा आहे," ब्लूमा म्हणाली. हे तिला कुणी पढवलं नव्हतं.

"मग दादा कुठाय?"

तिचं काळीज माझ्या अस्तरावर धडधडत होतं.

"वारला."

त्याने कड सोडली आणि तो पुढे गेला.

"शाब्बास गं पोरी," ऑर्तांसबाई पुटपुटल्या. ब्लूमाने माझा खिसा मुठीत आवळला होता. उतरेपर्यंत तिने तो सोडला नाही.

शेतावर ती जोसेत म्हणून गाई राखू लागली, चर्चमधल्या प्रार्थना म्हणू लागली. मी तिला तोकडा झालो आणि माळ्यावर धूळ खात पडलो. युद्ध संपल्यावर रिव्कामावशी तिला शोधत आली. बाबा आणि झेलिक परत येणार नाहीत, हे तिनेच सांगितलं.

"मावशी, दादाला मी मारलं. गाडीत मी तसं बोलले."

"नाही गं राणी! तू बोललीस म्हणून तू आज माझ्यासमोर आहेस."

ब्लूमाने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं.

आता ती आजी झाली आहे. मला तिने टाकलं नाही, पण कधी घातलंही नाही. 'तुम्ही भावंडं किती?' असं कुणी विचारलं, की ती अजून गप्प होते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादं नवं मूल येईल. नाव सांगताना ते अडखळलं, तर हसू नका. घाईही करू नका. त्याच्या शेजारी बसा आणि वाट पाहा.