बोटभऱ्यांचे गुण कोणी निवडले?

मित्रांनो, मी खेळाचा एक जुना पट आहे, पण जन्मलो दुकानाची पाटी म्हणून. माझ्या पाठीवर आजही ‘शिवनकाम करून मिळेल’ असं पिवळ्या अक्षरांत वाचता येतं. ‘ण’च्या जागी ‘न’ पडला म्हणून गिऱ्हाइकानं मला नाकारलं आणि ब्रह्मपुरीचे पेंटर फारूकभाई मला घरी घेऊन आले.

त्यांची मुलगी निशात तेव्हा सहावीत होती. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय वाळला होता. शाळेतल्या मुली कबड्डी खेळत आणि ती त्यांच्या चपला सांभाळत बसे. फारूकभाईंनी रद्दीतल्या एका परदेशी मासिकात असाच धडकाधडकीचा, पण बसून पटावर खेळायच्या खेळाचं चित्र पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी माझ्या कोऱ्या बाजूवर हिरवे चौकोन आखले.

माझ्यावर दोन संघ खेळत. एक डोंगरावरच्या दांडग्यांचा, दुसरा गवतात राहणाऱ्या बोटभऱ्यांचा. सागाच्या तुकड्यांचे खेळाडू आणि चेंडू म्हणून गुंजेची बी. फासा टाकायचा, समोरच्याला आडवं करायचं आणि गुंज पलीकडच्या टोकाला न्यायची. बोटभरे दुबळे, म्हणून त्यांना एक सवलत होती. दर सामन्यानंतर डब्यातून पुठ्ठ्यावर लिहिलेले तीन गुण निवडून आपल्या खेळाडूंना द्यायचे. ताकद, धडक, झेल, सटकणं, उडी. एकदा दिलेला गुण परत घेता येत नसे.

निशात हट्टानं बोटभरेच घेई. त्यांना ती ताकद वाटत सुटे आणि दर वेळी अब्बांकडून हरून रडे.

तिच्या वर्गातली दामिनी रोज शाळा सुटल्यावर फारूकभाईंच्या घरी थांबायची. तिची आई कुंताबाई बाजारात मासे विकायची. टोपली रिकामी झाली की मायलेकी आपल्या गावाला परतायच्या. एकदा निशातचं रडणं पाहून दामिनी म्हणाली, “यायले ताकद काऊन देते तू? कितीबी दे, दांडगा त्याच्याहून मोठाच रायते.”

“मग काय देऊ?”

“आमच्या तलावात जाळं टाकलं का मोठा मासा धडका मारत बसते अन् अडकते. लहान मासा भोक पाहून निंगून जाते. सटकणं दे. अन् सगळ्यायले वाटू नको. एकालेच सटकणं, उडी, झेल, तिन्ही दे. बाकीचे मार खातीन, तो एकटा गुंज घेऊन जाईन.”

त्या संध्याकाळी फारूकभाई पहिल्यांदा हरले. दोघी इतक्या ओरडल्या की कुंताबाई टोपली घेऊन दारातच थबकली. पुढचं वर्षभर गुण दामिनी निवडायची, सोंगट्या निशात हलवायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत शाळेच्या संमेलनात घरी बनवलेल्या खेळांची स्पर्धा झाली. जिंकणाऱ्यांना चंद्रपूरच्या प्रदर्शनात नेणार होते. शाळेतला बुद्धिबळाचा पहिला नंबर असलेला स्वप्निल दांडगे घेऊन बसला. दामिनी गुणांचा डबा धरून निशातच्या मागे उभी होती. बोटभरे एकामागून एक आडवे झाले, पोरं हसली. आणि तेवढ्यात तो एकटा बोटभऱ्या तीन दांडग्यांच्या मधून सटकून गुंज घेऊन टोकाला पोचला.

मंडपभर टाळ्या वाजल्या. निशातसाठी आजवर कोणी टाळी वाजवली नव्हती. लोक तिच्या पायाकडे बघून ‘अरेरे’ तेवढं म्हणायचे.

स्पर्धा घेणाऱ्या गिरजाबाई मॅडमनी विचारलं, “हे गुण निवडायचं डोकं कुणाचं? दोघींचं असेल तर दोघींना नेऊ.”

मागून कोणीतरी “मासोळीवाली!” म्हणून खिदळलं. निशातनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

“माझं,” ती म्हणाली. “मीच निवडले.”

दामिनीनं डबा माझ्यावर ठेवला. चपला घातल्या आणि ती मंडपाबाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ती बाजारातच आईजवळ बसू लागली.

चंद्रपूरला निशात पहिल्याच सामन्यात हरली. समोरच्या मुलानं सगळे दांडगे त्या एकट्या बोटभऱ्याभोवती उभे केले. सामना संपल्यावर आता कोणता गुण घ्यावा, हे तिला सुचेना. परीक्षकांनी विचारलं, “आधीचे गुण का निवडले होतेस?” ती माझ्यावरच्या सोंगट्या गोळा करू लागली. घरी आल्यावर तिनं मला कपाटामागे सारलं. तिथे मी अकरा वर्षं वाळवीच्या शेजारी काढली.

निशात शिकली, अहेरीच्या एका कचेरीत नोकरीला लागली. एका सुट्टीत तिनं मला बाहेर ओढलं, पिशवीत घातलं आणि आम्ही जीपनं सावलीच्या बाजारात गेलो. दामिनी आता तिथे बसते हे निशातनं विचारून घेतलं होतं; ती मासे कापत होती.

“या बाई, बसा. कोणता मासा पाह्यजे?”

“दामिनी, मी निशात.”

“ओळखलं म्या.” विळी थांबली नाही.

निशातनं मला पिशवीतून काढून पुढे धरलं. “त्या दिवशी मी खोटं बोलली. गुण तूच निवडले होते.”

“मले मालूम आहे ना. मी तिथीच उभी होती.”

“मले माफ कर.”

“मी तुमची किती दिवस वाट पाह्यली बाई. सांजच्याले मायजवळ बसून रस्त्याकडे पाहत राहो. आठवीत शाळा सुटली, मंग सोडून देल्लं.” तिनं मासा पालटला. “आता तुमच्या माफीचं मी काय करू?”

निशातनं मला भिंतीला टेकवलं आणि डोळे पुसत निघाली. चार पावलं गेली असेल, तोच मागून हाक आली, “ओ बाई, तुमचं सामान राह्यलं!”

निशात परत आली आणि मला उचलून घेऊन गेली.

मित्रांनो, माझे चौकोन पुसट झालेत, एक कोपरा वाळवीनं खाल्लाय. मला जपा असं मी म्हणत नाही. वाळलेलं लाकूड किती दिवस टिकणार? पण ज्याच्या अकलेवर तुम्ही जिंकता तो बहुधा तुमच्या मागेच उभा असतो. टाळ्या चालू असतानाच वळा आणि त्याचं नाव घ्या. निशातला एकच शब्द बोलायचा होता. तो बोलायला तिला अकरा वर्षं लागली, आणि तोवर तिची मैत्रीण तिला ‘बाई’ म्हणू लागली होती.