मजला बदलणारी काडी

मी एक जुनी काडी आहे. मित्रांनो, काडी म्हटल्यावर लगेच काडेपेटी आठवू नका. तुमच्या एका केसाच्या जाडीत माझ्यासारख्या वीसजणी ओळीने झोपतील. पण आकारावर जाऊ नका, माझी करामत ऐका.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या बाटलीत झाला. तिथे संशोधन करणाऱ्या ताईने काचेसारख्या पदार्थापासून आम्हा लाखो बहिणींना वाढवलं. गर्दीत नजर ठेवता यावी म्हणून मोजक्या जणींना चमकणारा रंग दिला. मी त्यातलीच! मग थेंबभर द्रवासकट आम्हाला काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवलं आणि कडा चक्क नेलपॉलिशने बंद केल्या.

सुरुवातीला ऐसपैस जागा होती. मग आम्ही हळूहळू खाली बसलो, दाटी झाली आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. पुढे-मागे सरकणं सोपं, आडवं सरकायचं तर बहिणींची ढकलाढकली. दाटी आणखी वाढली, तेव्हा आमचे मजलेच तयार झाले. प्रत्येक मजल्यावर आम्ही खांद्याला खांदा लावून उभ्या. अशा शिस्तशीर द्रवाला माणसं द्रवस्फटिक म्हणतात.

ताईचे सर म्हणाले, "एवढ्या दाटीत कुठली काडी मजला सोडणार? सगळ्या ठप्प आहेत. शुक्रवारपर्यंत एकही मजला बदलताना दिसली नाही, तर हे काम बंद."

ताईची दोन वर्षं पाण्यात जाणार होती. आणि माझा तर असा संताप झाला म्हणून सांगू! ठप्प? मी? अहो, वरच्या मजल्यावर जरा फट पडली की मी डोकं घालून सरळ वर! अर्ध्यात लटकणं नाही. अशा अकरा उड्या मी मारल्या होत्या.

त्या दिसत का नव्हत्या? सूक्ष्मदर्शकातून आमचे सतत फोटो निघायचे आणि आम्हा रंगीत काड्यांच्या चमकत्या ठिपक्यांचा माग संगणक काढायचा. ताईनेच संगणकाला बजावलं होतं, की दोन फोटोंच्या मध्ये एखादा ठिपका फार लांब गेला तर ती चूक धर आणि वगळ. एकीच्या जागी दुसरी मोजली जाऊ नये, एवढाच बिचारीचा हेतू. पण त्यामुळे माझी प्रत्येक उडी केरात गेली.

गुरुवारी ताईने संगणकाचे आकडे बाजूला ठेवले आणि सगळे फोटो एकामागून एक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मध्येच ओरडली, "अगं बाई, ही तर वर गेली!"

सर धावत आले. "दुसरी असेल ती."

"आसपास दुसरी रंगवलेली नाहीच, सर."

त्यांनी तीनदा पाहिलं. "मग इतके दिवस या उड्या होत्या कुठे?"

ताईचा चेहरा उतरला. "मीच वगळत होते. चूक समजून."

सर मोठ्याने हसले. "चालू ठेव काम!"

त्यानंतर माझं फार कौतुक झालं. मग नव्या पट्ट्या आल्या आणि मी खोक्यात पडले. नेलपॉलिशला तडा गेला. एका कोपऱ्यातला द्रव सुकला, तिथल्या बहिणी कायमच्या थिजल्या. मला फार वाईट वाटलं.

काल ताईने कपाट आवरायला काढलं. "ही सुकलेली दिसते," म्हणत तिने माझी पट्टी कचऱ्याच्या डब्यावर धरली. मग थबकली आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

मित्रांनो, काहीही टाकून देण्याआधी एकदा नीट बघत जा. ताईने पाहिलं, आणि मी बारावी उडी मारली. मग तिने पर्समधून नेलपॉलिश काढलं.