मांडवात पुकारलेलं नाव

राधाकिशनला मी अहो-जाहो करत नाही. पूर्वी करायचे. केजजवळच्या आमच्या दूध संस्थेचा तो चेअरमन, पक्षाचा तालुक्यातला पुढारी, आणि मी तिथं दुधाची फॅट काढणारी बाई. सोळा सालच्या दुष्काळात कॅन अर्धेसुद्धा भरत नव्हते. साऱ्या गावाची जनावरं त्याच्याच चारा छावणीत बांधलेली, त्यामुळं त्याच्यापुढं ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. एकवीस एप्रिलला दुपारी साडेबाराला त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं, आतून कडी लावली आणि अंगाला हात घातला. "म्हशी छावणीत ऱ्हायच्या असतील तर गप बस," म्हणाला. मी ओरडले, त्याला ढकललं, कडी काढली आणि तडक पोलीस ठाणं गाठलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दोन्ही म्हशी छावणीबाहेर हाकलल्या. महिनाभरात त्या मातीमोलानं विकाव्या लागल्या. टँकरपुढच्या रांगेत बाया माझ्याकडं पाठ फिरवायला लागल्या. फक्त माझ्या सासूबाई, केसरबाई, म्हणाल्या, "म्हशी गेल्या तर जाऊ दे. त्याला सोडायचं न्हाई, शिवकन्या."

कोर्टात दोन वर्षं गेली. केबिनबाहेर बसलेले दोघे कामगार फितूर झाले. मग राधाकिशननं लग्नाचा एक व्हिडिओ पुढं केला. त्याच दिवशी, केजपासून दोन तासांच्या वाटेवर, शिरूर कासारला बारा पस्तीसचं लग्न होतं. व्हिडिओत तो कुठं दिसत नव्हता, पण माइकवरून साफ ऐकू येत होतं, "राधाकिशनदादांचं मांडवात आगमन झालेलं आहे, त्यांचं सहर्ष स्वागत." शिरूरला असलेला माणूस त्याच वेळी केजला कसा असेल, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं.

आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकं थांबतात, मान्यवरांची नावं थांबत नाहीत. नाव राहिलं की माणूस रुसतो, भरल्या ताटावरून उठतो आणि पुढच्या निवडणुकीत उट्टं काढतो. म्हणून पुकारणारा पत्रिका हातात धरतो आणि छापलेली सगळी नावं घेऊन टाकतो, माणूस आलेला असो वा नसो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कोर्टात सांगणार कोण?

सरकारी वकीलबाईंनी मला व्हिडिओची कॉपी दिली. मी तो रोज बघायचे. त्याचं नाव आलं की दातओठ खायचे आणि बंद करायचे. एके दिवशी बंद करायचा राहिला आणि पुढचं नाव कानावर पडलं. "बंकटरावजींचंही स्वागत."

बंकटराव आमच्याच संस्थेचे संचालक. ते बारा एप्रिललाच वारले होते! संस्था त्या दिवशी बंद होती, आणि स्मशानात श्रद्धांजलीचं भाषण खुद्द राधाकिशननं ठोकलं होतं. पत्रिका मात्र आधीच छापलेल्या.

वकीलबाई म्हणाल्या, लगेच कोर्टापुढं ठेवू. मी म्हटलं, "थांबा बाई. आधी त्याच्या साक्षीदाराला शपथ घेऊ द्या." मला नुसता निकाल नको होता. चारचौघांत त्याची अब्रू जाताना मला बघायची होती.

त्याच्या बाजूनं नाव पुकारणारा धोंडीराम उभा राहिला.

"दादांना तुम्ही पाहिलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"व्हय. या डोळ्यांनी."

"पुकारलेले सगळे हजर होते?"

"माणूस दिसल्याबिगर मी नावच घेत न्हाई."

"मग बंकटराव कुठं बसले होते?"

"म्होरच्या सोफ्यावर की. दादांना खेटून."

वकीलबाईंनी मृत्यूचा दाखला न्यायाधीशांपुढं ठेवला. मागं कुणीतरी फिदकन हसलं. धोंडीरामनं हात जोडले. "दादांच्या माणसांनी शिकवलं तसं बोललो, साहेब," म्हणाला. मी राधाकिशनकडं बघत होते. त्याचं तोंड पडलेलं बघून मला इतका आनंद झाला की मी पदर तोंडात कोंबला.

दोन वर्षांची शिक्षा लागली. अपील केलं, जामीन मिळाला, पण चेअरमनकी गेली आणि आमदारकीचं तिकीटही गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात केजला एका लग्नात तो आला. कडक इस्त्रीचे कपडे, पुढच्याच सोफ्यावर बसला. माइकवर धोंडीराम होता. सरपंच झाले, सोसायटीचे संचालक झाले, लांबून आलेले पाहुणे झाले. राधाकिशन प्रत्येक नावाला थोडा सावरून बसायचा. धोंडीरामनं त्याच्याकडं पाहिलं, मग बायकांत बसलेल्या माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "आता मंगलाष्टकांना सुरुवात करू या."

अक्षता पडल्यावर राधाकिशन न जेवताच उठला. मी पंगतीत बसले आणि बुंदी दोनदा मागून घेतली.