टेबलाच्या कोपऱ्यातली इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी, जड इस्त्री आहे. सध्या माझ्या जिवाला घोर लागला आहे. इस्त्रीला तो शोभत नाही, पण लागला आहे खरा.

परक्या देशात येऊन माझ्या मालकिणीने, म्हणजे मावशीने, लाँड्री काढली, तेव्हा पहिली खरेदी माझी झाली. ज्यांनी एके काळी आमच्यावर राज्य केलं, त्यांचेच शर्ट ती माझ्याकडून कडक करून घेई. येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ माझं कौतुक करी. पुढे वाफेची नवी इस्त्री आली आणि माझी रवानगी टेबलाच्या कोपऱ्यात झाली. आता कागद उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर बसते.

ते कागद भाचीचे. मावशीनेच वाढवलेली ही पोर गिऱ्हाईक नसलं की इंग्रजीत कादंबरी लिहिते, लाँड्री चालवणाऱ्या एका बाईची. त्या बाईचं इंग्रजी थेट मावशीचं होतं. मोडकं, घाईचं, मध्येच आपले शब्द घुसवणारं आणि समोरच्याला गप्प करणारं. प्रकाशकांनी कळवलं, पुस्तक छापू, पण बाईला नीट बोलायला लावा. नकार पचवून पचवून भाची थकली होती. तिने बाईचं एकेक वाक्य सरळ केलं. शेजारी बसून माझा जीव नुसता खालीवर होत होता.

कागद पाठवण्याआधी मावशीने थोडं वाचून दाखवायला सांगितलं. भाचीने बाईचंच बोलणं वाचलं. मावशी कॉलर उलटून इस्त्री फिरवत ऐकत राहिली.

"छान बोलते गं," ती म्हणाली. "ही कोण?"

भाचीने कागद पुन्हा माझ्याखाली सरकवले.

"मला वाटलं, मीपण असेन त्यात," मावशी म्हणाली आणि तिने दुसरा शर्ट घेतला.

भाची रडली. मग तिने मला उचलून बाजूला ठेवलं आणि जुनी वाक्यं पुन्हा लिहायला घेतली. त्या मोडक्या वाक्यांसकटच कागद प्रकाशकांकडे गेले.

उत्तर अजून आलेलं नाही. फोन वाजला की मावशी हातातली इस्त्री उभी करून भाचीच्या तोंडाकडे बघते, आणि मला धडकी भरते. याही वेळी नाही म्हणाले, तर पोर पुन्हा लिहायला बसेल का?

मित्रांनो, सरळ करण्यात माझा जन्म गेला, म्हणून सांगते. घरातलं कुणी मोडकंतोडकं बोलत असेल, तर त्याला दुरुस्त करायची घाई करू नका. आमच्या मावशीला स्वतःचीच ओळख पटली नव्हती.