बाळ्याने शिट्टी वाजवलीच नाही

माझं लग्न लागलं तेव्हा मागे बॅनर होता, ‘बालविवाहमुक्त गाव, आमचा निर्धार’. बॅनरच्या एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला ग्रामसेवक आणि मधल्या खुर्चीवर आमचे सुदेश सर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा हळद लावून बावळटासारखी हसत होते. आठवलं की अजून कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

नीटच सांगते. मी रुपी. जव्हारला अकरावीत आहे, तिथेच वसतिगृहात राहते. आमच्या कॉलेजचं सेवा शिबिर दर हिवाळ्यात कुठल्या तरी गावात जातं. खड्डे खणायचे, शाळेच्या भिंती रंगवायच्या, शेवटच्या दिवशी पथनाट्य करायचं आणि गावाला सुधारून परत यायचं. या वर्षी मीच सरांच्या मागे लागले, आमच्या पाड्यावर चला म्हणून. पोशेऱ्याच्या अलीकडे डोंगराच्या पोटाला आमची घरं आहेत. मला काय, मिरवायचं होतं.

नाटक मी लिहिलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न चाललेलं असतं, ऐन वेळी पोलीस येतो, शिट्टी वाजवतो, ‘थांबा, हे लग्न बेकायदेशीर आहे’ म्हणतो, मग मी पुढे येऊन मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर सांगते आणि सगळे घोषणा देतात. नवरी मी. नवरा कमलेश, बारावीतला. त्याला पोलीस भरतीचं वेड, पण पोलीस झाला बाळ्या, कारण खाकी शर्ट त्यालाच बसत होता. या बाळ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आणि ती दुसरी अक्कल, तीही माझीच. म्हटलं, लग्न खरं वाटलं पाहिजे, तर गाणं खरं हवं. आमच्यात भटजी नसतो. लग्न लावते ती धवलेरी, आणि ती गाऊन लावते. धरती कशी झाली, धान कुठून आलं, देव कोणाच्या दारात जेवायला बसले, सगळं तिच्या गाण्यात येतं. ते गाऊन झालं आणि जोडप्यावर तांदूळ पडले की लग्न लागलं. आमच्या पाड्याची धवलेरी म्हणजे सुकीआजी. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात नाचणी पाखडत बसली होती.

“खरं गाणं गाऊ?” तिने विचारलं.

“खरंच गा, आजी. आम्ही मधेच थांबवणार आहोत तुला.”

“थांबवाल ना नक्की?”

“हो गं. बाळ्या शिट्टी वाजवणार आहे.”

तिने बाळ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हा?” म्हणाली, आणि परत नाचणी पाखडायला लागली.

शेवटच्या दिवशी दुपारी शाळेच्या अंगणात सगळा पाडा जमला. डोंगरापलीकडून कमलेशची आई चैती आली होती, सोबत त्याचे काका-मामा. माझ्या आईने, जमुनाने, स्वतःचं लग्नातलं लुगडं मला नेसवलं. हळद पाट्यावर वाटून आणली. आम्ही गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तिने आणि शेजारणींनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौकसुद्धा काढला. मला वाटलं, काय आपली माणसं आहेत, मुलांच्या कार्यक्रमाला किती साथ देतात. इतकी मी हुशार.

सुकीआजी गायला बसली आणि अंगण गप्प झालं. मागे तंबाखू मळत उभे असलेले बाप्ये खाली बसले. पोरंसुद्धा हलेनात. तिचा आवाज मोठा नाही, पण तो आला की दुसरा आवाज करायचं कोणाच्या मनात येत नाही. गाता गाता शिट्टीची जागा आली. बाळ्या मोहाच्या झाडामागे शिट्टी तोंडात धरून उभा होता. मी डोळ्यांनी खुणावलं, तो हलला नाही. आजीने तेच कडवं परत घेतलं आणि झाडाकडे पाहिलं. पुन्हा तेच कडवं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हातारी विसरली पुढचं.

“मेला काय हा?” कमलेश ओठ न हलवता म्हणाला.

बाळ्याने शिट्टी तोंडातून काढली आणि हात जोडले. आजी पुढे गात गेली. तांदूळ पडले. टाळ्या पडल्या. मी घाईघाईने उठून १०९८ सांगितला, पण तेव्हा सगळे एकमेकांशी बोलत होते. सर म्हणाले, असा जिवंत प्रयोग पाहिला नव्हता, आणि पाहुण्यांना सोडायला जीपने मोखाड्याला गेले. जेवणापर्यंत येतो म्हणाले.

मी बाळ्याला शाळेच्या मागे गाठलं. “डोंबलाचा पोलीस तू. काय झालं होतं तुला?”

“धवलेरी गात असताना मधे कोण बोलतं?” तो म्हणाला. “तू बोलतेस?”

मी त्याला एक धपाटा घातला आणि हळद धुवायला घरी आले.

अंगणात चैती आईजवळ बसून चहा पीत होती. माझ्या हातात तांब्या बघून म्हणाली, “हळद धुऊ नको गं आज.”

मी हसले. कोणीच हसलं नाही. आई माझ्याकडे बघेना, चुलीतलं लाकूड उगाच पुढे-मागे करत राहिली. मग माझा बाप आतून आला. लक्ष्या म्हणतात त्याला पाड्यात. कमी बोलतो.

“लग्न लागलं, रुपी,” तो म्हणाला. “तांदूळ पडले. पाठवणीचं गाणं तेवढं राहिलंय. अर्धं लग्न ठेवू नये. सांजेला उरकून घेऊ.”

“बाबा, नाटक होतं ते.”

“नाटक तुमचं. गाणं देवाचं.”

मी होते तिथे मातीत बसले. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी भांडले असते, माझं तोंड काही बारीक नाही. पण हा माझा बाप. शिबिरात आमच्याबरोबर खड्डे खणणारा, येईल त्याला ‘माझी पोर अकरावीत आहे’ म्हणून सांगणारा. आत्ता दुपारी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा. तो टाळ्या कशासाठी वाजवत होता ते मला तेव्हा कळलं.

“माझं कॉलेज?”

“चैती म्हणते, बघू.”

आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही.

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. “पुढल्या आठवड्यात आम्ही वसईला जाणार, बांधकामाच्या साईटवर. तू तिकडे जव्हारला एकटी. मला तिथे झोप नाही लागत, पोरी. काय झालं, कोण आलं, कोणाला सांगशील. आता घर मिळालं तुला. पोरगा शिकलेला आहे, कूळ पण वेगळं, लग्नाला चालणारं. माझी काळजी मिटली.” त्याचे डोळे भरले होते. बापाचे डोळे भरलेले असताना १०९८ कसा लावायचा, ते शिबिरात कोणी शिकवत नाही. आणि लावायला माझ्याकडे फोनही नव्हता.

कमलेश आमच्या कुडाच्या बाजूला उभा होता.

“तू सांग ना तुझ्या आईला,” मी म्हटलं.

“सांगितलं. ती म्हणते, तांदूळ पडले.” मग हळूच म्हणाला, “माझी पण भरती राहिली, रुपी.”

सर येतील, सर येतील म्हणून मी रस्त्याकडे कान लावून बसले. जीप काही आली नाही. वसतिगृहातली माझी पेटी, खिडकीजवळची जागा, फळीवरची पुस्तकं, सगळं डोळ्यांसमोर येत होतं. पाठवणीचं गाणं संपलं की नवरीने उंबरा ओलांडायचा, अंगण ओलांडायचं आणि सासरच्या माणसांमागे चालू लागायचं. म्हणजे मी डोंगरापलीकडे चैतीच्या घरी जाणार आणि पेटी आणायला दुसरंच कोणी तरी जव्हारला जाणार.

दिवस मावळताना सुकीआजीला बोलावलं. शिबिरातली पोरं येऊन अंगणाच्या कडेला उभी राहिली. मला उंबऱ्याच्या आत उभी केली. आईने माझा पदर सारखा केला. बाहेर कमलेश खाली मान घालून उभा.

आजी उंबऱ्याबाहेर बसली, खाकरली आणि गायला लागली. माहेरच्या गाईचं झालं, पाणवठ्याचं झालं, मग नवरीचं आलं. लेक उंबऱ्याशी आली. लेक उंबऱ्याशी उभी राहिली. मी पाय उचलायची तयारी केली. आजी म्हणाली, लेक उंबऱ्याशी आली, लेक उंबऱ्याशी उभी राहिली. परत तेच. परत तेच. आवाज चिरकायला लागला तरी तेच. चैती हळूच म्हणाली, “पुढचं, आजी.” आजीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती.

दुपारी बघत होती ना, तशीच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हातारी काही विसरली नव्हती. दुपारीही नाही. ती थांबली होती आमच्यासाठी.

पोलीस येईल तेव्हा येईल म्हणून मी इतका वेळ उभी होते. ‘थांबा’ हा शब्द मीच लिहिला होता, आणि लिहिला होता बाळ्याच्या तोंडी. तोवर नवरीला मी एकही वाक्य दिलं नव्हतं. लग्न मोडेपर्यंत तिने नुसतं खाली बघायचं होतं.

“थांब,” मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू आला नाही. आजी गातच होती. मी उंबऱ्याला धरलं.

“थांब, सुकीआजी. मला नाही जायचं. मला बारावीला बसायचंय.”

आजी शब्दाच्या मधे थांबली. माझ्या बापाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या घरातून दुसरंच कोणी तरी बोललं. मी शब्द मागे घेतला नाही.

आजी गुडघ्यांवर हात ठेवून उठली. “ऐकलं ना सगळ्यांनी? नवरीनं थांबवलं. थांबवलेलं गाणं परत गात नाही मी. दुसरी कोणी गाईल असं वाटत असेल तर शोधा.”

“अगं पण तांदूळ पडलेत,” चैती म्हणाली.

“कोंबड्यांनी खाल्ले ते केव्हाच.”

“आजी, असं कधी झालंय का?” बाप म्हणाला.

“नाही झालं, लक्ष्या,” ती त्याला म्हणाली, आणि मग आवाज खाली आला तिचा. “माझं लग्न लागलं तेव्हा मी या पोरीच्या खांद्याएवढी होते. पाटावर बसून वाट बघत होते, कोणी तरी थांब म्हणेल. धवलेरी गात गेली. तिचा काय दोष, तिला कोणी थांबवलंच नाही. मी जन्मभर गाते आहे आणि प्रत्येक लग्नात त्या जागेला जरा सावकाश होते. आजवर कोणी बोललं नाही. या पोरांनी सांगितलं, आम्ही थांबवणार. मला वाटलं, शिकलेली आहेत, थांबवतील.”

आम्ही सगळे शिकलेले माना खाली घालून उभे राहिलो. म्हणजे पाड्यातल्या सगळ्या लग्नांत ती अशी थांबली होती, माझ्या आईच्यासुद्धा. मी आईकडे वळले. तिने तोंडाला पदर लावला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, दुपारपासून पहिल्यांदा.

तेवढ्यात अंगणाच्या कडेला जोरात शिट्टी वाजली. बाळ्या. गाल फुगवून, डोळे मिटून वाजवत होता मेला.

“आता कशाला?” मी ओरडले आणि मला रडू फुटलं.

चैती उठली आणि वाटेला लागली. जाताना कमलेशने मागे वळून बघितलं आणि भरभर चालायला लागला. आजी माझ्याजवळ आली, म्हणाली, “दुपारीच म्हणायचं ना गं. घसा बसला माझा.” आईने तिला गरम पाणी दिलं.

बाप पायरीवर बसून राहिला. मी जवळ गेले नाही, त्यानेही बोलावलं नाही. सरांच्या जीपचे दिवे खाली वळणावर दिसायला लागले तेव्हा त्याने तंबाखूची पुडी काढली, तशीच परत ठेवली.

“जव्हारची गाडी सकाळी किती वाजता असते?” त्याने विचारलं.