दोन एआस आणि मी एक तेलाची सुरई

मित्रांनो, संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात उभी असलेली ही पांढऱ्या अंगाची, लांब मानेची जुनी सुरई म्हणजे मी. अथेन्सच्या कुंभारवाड्यात माझा जन्म झाला. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या थडग्यापाशी अंगावर चित्र काढलेली सुगंधी तेलाची सुरई ठेवत. त्यामुळे लग्नकार्यात मिरवणे माझ्या नशिबी नव्हते. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

फालेरोनच्या किनाऱ्यावर देक्सिओस नावाचा एक म्हातारा नावाडी राहत असे. त्याने अंथरूण धरले तेव्हाच लेकीला, फिलिनाला, सांगून ठेवले होते की मला पुराल तेव्हा माझ्या उशाशी सुरईवर आपला एआस असू दे. तुम्ही ज्याला अजॅक्स म्हणता तोच हा, तेलामोनचा मुलगा, भिंतीएवढी ढाल पेलणारा. अथेन्सचे नागरिक दहा गणांत वाटलेले होते आणि देक्सिओसचा गण या वीराच्या नावाचा होता. बापाला तिने शब्द दिला. मग तिने आमच्या भांड्यांच्या कारखान्याच्या मालकाला सांगितले आणि मालकाने दामोन चिताऱ्याला सांगितले, एआस काढ. कोणाचा एआस, हे विचारावे असे कोणालाच वाटले नाही.

दामोन लोक्रिसचा, पोटासाठी अथेन्सला आलेला. त्याच्या मुलखात एआस म्हणजे ओइलेउसचा मुलगा, अंगाने लहानखुरा, पळण्यात कोणाला हार न जाणारा, तागाचे चिलखत घालणारा. ट्रॉयच्या लढाईत दोघेही होते. दामोनने जीव ओतून आपला एआस माझ्या अंगावर काढला आणि बाजूला त्याचे नाव लिहिले. भट्टीतून बाहेर आले तेव्हा सगळ्यांनी माझे कौतुक केले आणि मीही जरा फुगलेच.

काही दिवसांनी देक्सिओस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फिलिना मला न्यायला आली. दुःखाने तिने केस कापले होते. पहाटे उजाडायच्या आत बापाला पुरायचे होते. तिने मला हातात घेतले आणि तिचा चेहरा उतरला.

"हा कोण?"

"एआस," दामोन म्हणाला.

"मग ढाल कुठंय याची? अहो, हा तो लोक्रिसचा! अथेनादेवीच्या मूर्तीला बिलगलेल्या पोरीला ओढून नेणारा. अथेनाच्या गावात याला मी बाबांच्या उशाशी ठेवू? लोक काय म्हणतील त्यांना?"

नाकारलेली भांडी फोडून मागच्या खड्ड्यात टाकत आणि तो खड्डा मला तिथून दिसत होता.

दामोन ओशाळला. आमच्याकडे लढाईच्या रांगेत याच्यासाठी एक जागा मोकळी सोडतात, म्हणाला, दुसरा कोणी मनातच आला नाही. मग त्याने हळूच एक तोड सुचवली.

"ताई, नवी सुरई भाजायला आता वेळ नाही. नावापुढं 'तेलामोनचा' असं लिहून देतो. लांबून कुणाला कळायचं नाही."



"नको," फिलिना म्हणाली. "कुणाच्या मुलाला दुसऱ्याचा बाप लावू नका. आज तर नकोच." आणि तिला रडू फुटले.

डोळे पुसून तिने मला फिरवले. माझी पाठ कोरी होती. इथे मोठा एआस मावेल का, तिने विचारले. मावेल, पण न भाजलेला रंग टिकायचा नाही, असे दामोनने खरे ते सांगून टाकले.

"पहाटेपर्यंत टिकला तरी पुरे. हा दुसराही राहू दे. त्याचं पाप नंतरचं. त्याआधी दोघं खांद्याला खांदा लावून लढलेत. आणि बाबांनी नावेतून कधी कुणाला उतरवलं नाही."

दामोनने माझ्या पाठीवर मोठी ढाल काढली, तिच्यामागे तो धिप्पाड वीर काढला आणि बाजूला लिहिले, तेलामोनचा एआस.

पहाटे थडग्यापाशी फिलिनाने आमच्या रीतीप्रमाणे बापाला मोठ्याने हाक मारली. जवळच आणखी एक देक्सिओस पुरलेला होता, म्हणून तिने आजोबांचेही नाव घेतले. "केफिसोनच्या देक्सिओसा," ती म्हणाली, "बाबा, सुखानं जा." मग तेल ओतून तिने मला त्याच्या उशाशी ठेवले.

पुढे कित्येक शतके मी मातीखाली होते. खणून काढल्यावर मला धुतले, तेव्हा मातीबरोबर पाठीवरचा रंगही गेला. आता माझ्यापुढच्या पाटीवर लिहिले आहे, 'लोक्रिसचा एआस.' ती वाचून एखादा जाणता माणूस सोबत्यांना म्हणतो, अथेनाच्या गावात असल्याला पुजणारे हे कसले घर असेल! ते ऐकले की मला फार वाईट वाटते. मला बोलता येत नाही आणि माझी पाठ भिंतीकडे आहे.

मित्रांनो, एका नावाची माणसे पुष्कळ असतात. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारण्याआधी हा कोणाचा कोण, एवढे विचारत जा. आणि कधी इकडे आलात, तर इथल्या देखरेखीच्या बाईंना सांगून मला एकदा फिरवायला लावा. तिरप्या उजेडात त्या मोठ्या ढालीची पुसट कड अजून दिसते. फिलिनाने बापाला दिलेला शब्द पाळला होता.